आषाढात सुरुवात करा: आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याची दिवाळी

आमची खारी २०२१ च्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे पळाली. धाकट्याला तुळशीपुढं कारेट फोडायला उभं केलं होतं, मागं दार सताड उघडं, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. माझ्या पोटरीला काहीतरी घासून गेलं एवढंच मला कळलं. दोन दिवस मी, माझे मिस्टर आणि गल्लीतली चार पोरं सातारा पालथा घालत होतो. तिसऱ्या दिवशी गोडोलीच्या बाजूला रस्त्याखालच्या मोरीत ती सापडली. गळ्यात पट्टा नव्हता. पुढच्या पंजांची नखं झिजून रक्त सुकलेलं. हाक मारली तर शेपूटसुद्धा हलवली नाही, मान फिरवून सिमेंटच्या भिंतीकडे बघत राहिली. मोरीच्या तोंडाशी पोटावर झोपून मी पाऊण तास नुसती बोलत होते, तेव्हा कुठं ती सरकत सरकत माझ्या हातापर्यंत आली.

खारी गावठी कुत्री आहे, बेकरीतल्या खारीच्या रंगाची. वर्षाची असताना रस्त्यावरून आमच्या घरात आली. मी साताऱ्यात शिलाईकाम करते: ब्लाउज, पिकोफॉल, शाळेचे गणवेश. त्या मोरीनंतरच्या चार दिवाळ्यांत जे करून पाहिलं आणि आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी जे समजावून दिलं, ते इथं लिहिते.

सगळे जण विचारतात ते दिवाळीच्या आदल्या दिवशी. "ताई, आज रात्री काय करू?" त्या रात्री करण्यासारखंही बरंच असतं, ते पुढं सांगतेच. पण खरं काम आषाढातलं. उन्हाळ्यातल्या वराती संपलेल्या असतात, वळवाच्या पावसाचा गडगडाट मागं पडलेला असतो. आषाढी एकादशी झाली की लग्नं जवळजवळ थांबतात. आमच्याकडं तेव्हा संततधार लागते, पण ढग फारसे गरजत नाहीत. ढोलपथकांच्या सरावानं जोर धरेपर्यंतचे हे चार-सहा आठवडे वर्षातले सगळ्यात शांत. कुत्र्याला शिकवायचं तर याच दिवसांत, कारण कान आधीच ताणलेले असताना कुणीच काही शिकत नाही.

ही भीती ओळखायची कशी

थरथर, धाप आणि पलंगाखाली लपणं सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधीच्या खुणा आपल्या नजरेतून सुटतात. झोप आलेली नसताना जांभई. समोर खायला काही नसताना ओठांवरून फिरणारी जीभ. कान मागं चिकटलेले, शेपूट पोटाशी, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागलेला. एरवी हातातून हिसकावून घेईल असा तुकडा नाकाशी धरला तरी तोंड फिरवणं. काही कुत्री उलट करतात, सारखी भुंकतात, येरझाऱ्या घालतात, दार खरवडतात. ती मस्ती वाटते, पण भीतीच असते.

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंत. आपल्याला ऐकूच न येणारे उंच पट्टीचे आवाजही त्यांच्या कानात शिरतात. खारी फटाका फुटण्याआधीच उठून उभी राहते, हे मी कितीदा बघितलंय. ती वातीची सुरसुर ऐकत असावी असं मला वाटतं.

सासूबाई पहिल्या वर्षी म्हणायच्या, "लाडावून ठेवलीयस, म्हणून घाबरती." त्यांना मी डॉक्टरांकडं बरोबर घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, फिनलंडमध्ये तेरा हजारांवर कुत्र्यांची माहिती गोळा केली होती. तीनातलं जवळजवळ एक कुत्रं आवाजाला घाबरणारं निघालं. ते सगळे काय लाडावलेले?" हेलसिंकी विद्यापीठाचं ते काम २०२० साली प्रसिद्ध झालं, त्यात आकडा ३२ टक्के आहे. सासूबाई तेव्हापासून खारीच्या बाजूनं बोलतात.

त्याच भेटीत माझ्या मनातली एक मोठी गाठ सुटली. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, असं मला दहा जणांनी सांगितलं होतं. मी २०२१ साली खारी धडपडत मांडीत शिरत असताना तिला बाजूला सारत होते, याचं आजही वाईट वाटतं. बसायला सांगितल्यावर बसलं आणि खाऊ मिळाला, तर कुत्रं पुन्हा बसतं. भीतीचं गणित तसं नाही. ती कुत्र्यानं ठरवून केलेली गोष्ट नाही, त्यामुळं बक्षीस मिळालं म्हणून ती वाढत नाही. कुत्रं जवळ आलं तर जवळ घ्या. हळू बोला, पाठीवरून लांब, सावकाश हात फिरवा. लपायचं असेल तर लपू द्या, ओढून मांडीवर आणू नका. आपण स्वतः घाबरेघुबरे होऊन "अगं बाई, काय झालं माझ्या पिल्लाला" असं ओरडायला लागलो तर मात्र तिला वाटतं, खरंच काहीतरी झालंय.

माझ्या हातून झालेल्या दोन चुका

मोरीच्या घटनेच्या आधी, त्याच वर्षी, एका ओळखीच्या माणसानं सांगितलं की सवय लावा, आवाजात नेऊन बांधा, आपोआप भीती मोडेल. मी खारीला एका मैदानाच्या कडेला झाडाला बांधलं. पलीकडं ढोल वाजत होते. पहिली दहा मिनिटं ती ओढत होती. मग खाली बसली आणि निश्चल झाली. मला वाटलं, जमलं. आज कळतं, ती शांत झाली नव्हती, गोठली होती. त्यानंतर त्या मैदानाकडं जाणाऱ्या रस्त्यालाच ती बसकण मारायला लागली. आवाजात बुडवून भीती जात नाही, नव्या जागांना चिकटते.

दुसरी चूक गोळीची. त्याच्याही आधीच्या दिवाळीच्या तोंडावर एका औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांना न विचारता, "कुत्रं झोपतं" अशी गोळी मी आणली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खारी जमिनीवर पसरून पडली, पाय उचलत नव्हते. पण प्रत्येक आवाजाला तिच्या पापण्या फडफडत होत्या, आणि तोंडाखाली लाळेचं थारोळं झालं होतं. ती गोळी अ‍ॅसेप्रोमॅझीनची होती, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. ते औषध अंग सैल पाडतं, भीती तशीच ठेवतं. कान चालू, मन चालू, फक्त पळायची ताकद काढून घेतलेली. आवाजाच्या भीतीसाठी ते एकटं देऊ नये, असं आता जाणकार सांगतात. कुणी फक्त "झोपवायची गोळी" देत असेल तर त्यात काय आहे हे नाव विचारा.

आषाढातला धडा: आवाज आला की कलेजी

कोंबडीची कलेजी मीठमसाला न घालता उकडा आणि हरभऱ्याएवढे तुकडे करा. शाकाहारी घरात पनीर चालेल. अट एकच, हा पदार्थ एरवी मिळता कामा नये. रोजची पोळी किंवा बिस्किट या कामाला फिकं पडतं.

सुतळी बॉम्ब, माळ, रॉकेट, ढोल-ताशा, ढगांचा गडगडाट असे वेगवेगळे आवाज यूट्यूबवर मिळतात. ते मोबाइलवर लावू नका, जरा बऱ्या स्पीकरवर लावा. मोबाइलच्या स्पीकरमधून छातीत बसणारा खालचा दणका येतच नाही, त्यामुळं कुत्रं मोबाइलला सरावतं आणि खऱ्या आवाजाला पुन्हा पहिल्यासारखं घाबरतं. स्पीकर खिडकीपाशी ठेवा, कारण खरा आवाज तिकडूनच येणार असतो.

पहिल्या दिवशी आवाज इतका बारीक ठेवा की तुम्हाला स्वतःला कान द्यावा लागेल. कुत्र्याचा कान नुसता हलला पाहिजे, बाकी अंग सैल. एक फटाका वाजू द्या. मग एक-दोन सेकंदांत तुकडा द्या. पुन्हा शांतता, आणि शांततेत काही नाही. असं पाच-सात वेळा, की झालं. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका.

क्रम उलटा झाला तर सगळं फसतं. मी सुरुवातीला आधी डबा उघडायची, मग आवाज लावायची. आठवड्याभरात खारी डब्याच्या झाकणाचा आवाज ऐकूनच दुसऱ्या खोलीत जायला लागली. तिच्या हिशोबानं डबा उघडला म्हणजे आता काहीतरी फुटणार. आधी आवाज, मग डब्याला हात. हे एकदा हाताला वळण लागलं की सोपं जातं.

किती दिवसांनी आवाज वाढवायचा, याचं उत्तर कुत्र्याच्या मानेत असतं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी बाहीला अस्तर लावत होते, स्पीकरवर फटाका वाजला, आणि खारीनं खिडकीकडं न बघता मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. कान उभे, तोंड जरासं उघडं. "कुठाय माझा तुकडा?" हीच ती खूण. ती लागोपाठ तीन दिवस दिसली की आवाज एक घर वाढवा. कान मागं गेले, तोंड मिटलं, खाऊ जोरात ओढून घ्यायला लागली किंवा नको म्हणाली, तर दोन घरं खाली या. आमच्या घरी पहिल्या वर्षी सात आठवड्यांत स्पीकर निम्म्यावर पोचला, तेवढ्यावर मी थांबले.

अगदी बारीक आवाजालाही कुत्रं घाबरून खाणं सोडत असेल, तर हा धडा तिथंच थांबवून डॉक्टरांकडं जा. जबरदस्तीनं पुढं नेऊ नका.

याच्या जोडीला दिवसभर अचानक होणारे आवाज वापरा. ताट पडलं, टेम्पोच्या नळीतून फट्ट आवाज झाला, शेजारी कुणी दार आपटलं, की लगेच तुकडा. त्यासाठी मी तीन डबे ठेवलेत, एक मशीनच्या खणात, एक फ्रिजमध्ये, आणि एक दारामागच्या खिळ्याला पिशवीत (त्यात वाळवलेले तुकडे असतात, कलेजी बाहेर टिकत नाही). स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात १,२२५ कुत्रेमालकांना विचारून केलेलं एक काम २०२० साली प्रसिद्ध झालं. आवाज झाल्याझाल्या खाऊ देणाऱ्या किंवा खेळवणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांनी फायदा झाल्याचं सांगितलं. नुसत्या ध्वनिमुद्रणाच्या सरावाला हा आकडा ५५ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे वेळ नसेल तर स्पीकर सोडून द्या, पण खिशातला खाऊ सोडू नका.

आणखी एक छोटी गोष्ट. संध्याकाळी मी हातशिलाई करत असते, तेव्हा खारीची वाकळ शेजारी अंथरते. ती वाकळेवर येऊन अंग टाकते, मान खाली ठेवते, तेव्हा न बोलता एक तुकडा वाकळेवर ठेवते. महिन्याभरात त्या वाकळेवर पाय पडला की तिचं अंग सैल व्हायला लागलं. दिवाळीत हीच वाकळ कामाला येते.

खरे आवाज सुरू झाले, म्हणजे गणपती आले की स्पीकरचा धडा बंद करा. त्यानंतर फक्त खऱ्या आवाजामागून खाऊ.

जागा

कुत्र्याची जागा आपण ठरवायची नसते. मी माजघरात पलंगाखाली छान अंथरूण केलं होतं, खारी तिकडं फिरकली नाही. तिनं न्हाणीघर निवडलं, मग दुसऱ्या वर्षी माझं मशीन. दोन-चार आवाजांना ती कुठं जाते हे बघा आणि तिथंच वाकळ टाका. रस्त्याकडची खिडकी नसलेली, घराच्या मधली जागा असेल तर उत्तम. खिडक्यांवर जाड चादर किंवा सतरंजी सोडा, दिवा चालू ठेवा म्हणजे बाहेरचा लखलखाट दिसत नाही. दार लावून घेऊ नका. कोंडलेलं कुत्रं दाराशी नखं मोडून घेतं.

आता मशीनबद्दल. माझं मशीन पायाचं होतं, नंतर मोटर बसवली. २०२२ च्या लक्ष्मीपूजनाला एका नवरीकडच्या बाईंचं ब्लाउज राहिलं होतं, म्हणून पूजा आटोपून मी मशीनवर बसले. बाहेर माळा लागत होत्या. मशीन सुरू झालं तशी खारी न्हाणीतून आली, मशीनखाली शिरली आणि पायडलवर हनुवटी टेकून पडली. मोटर बसवल्यापासून पायडल हलत नाही, त्यामुळं तिला काही लागायची भीती नव्हती. मी शिवण संपवली आणि ती उठून बसली. मी जुना कपडा घेऊन पुन्हा नुसतीच शिवण मारत बसले, ती पुन्हा आडवी झाली. त्या रात्री साडेअकरापर्यंत मी एका फाटक्या चादरीवर सरळ रेघा मारत होते.

मशीनच पाहिजे असं नाही. एकसारखा, न थांबणारा आवाज पाहिजे. टेबलफॅन, कूलर, रेडिओवरची गाणी. अचानक येणारा आवाज कुत्र्याला दचकवतो, आणि एकसुरी आवाजाच्या पोटात तो थोडा बुडून जातो. फक्त हा आवाजही इतका मोठा करू नका की त्याचाच त्रास होईल. आणि तो फटाके लागायच्या आधी अर्धा तास सुरू करा, नाहीतर पंखा लागला म्हणजे फटाके आले असं समीकरण बसतं.

कान आणि अंग बांधणं

माझा हात यात चालतो म्हणून जरा सविस्तर सांगते. होजिअरीच्या जुन्या, बाहीच्या बनियनची बाही कापा. त्याची नळी डोक्यावरून घालून कानांवर आणा, कान मागं सपाट. डोळे आणि नाक मोकळं राहिलं पाहिजे, आणि गळ्याशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत. आतून शिवण नको, टोचते. दोन थर केले तर आवाज जरा दबतो. कानात कापूस कोंबू नका, तो आत सरकतो आणि मग काढायला डॉक्टर लागतात.

अंगाला ओढणी बांधायची तर सुती, रुंद ओढणी घ्या. मधला भाग छातीवर ठेवा, दोन्ही टोकं पाठीवर नेऊन एकमेकांवरून ओलांडा, पोटाखालून परत घ्या आणि गाठ कुशीच्या वर, पाठीच्या मणक्याच्या बाजूला मारा. घट्ट नाही, मिठीसारखी. बर्नच्याच पाहणीत असे अंगाला घट्ट बसणारे कपडे वापरणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना फायदा वाटला होता, म्हणजे निम्म्याहून अधिक कुत्र्यांना ते लागू पडत नाहीत. खारीला बाही चालते, ओढणी चालत नाही. ओढणी बांधली की ती लाकडासारखी उभी राहते. उभं राहणं म्हणजे शांत होणं नव्हे, तेव्हा मी ती सोडून टाकली. दोन्ही गोष्टी आषाढात, घर शांत असताना, खाऊ देत देत सवयीच्या करा. एकटं सोडून जाताना काढून ठेवा, आणि धाप लागली असेल तर लगेच काढा, कुत्रं उकाड्यानं बेजार होतं.

दिवाळीचा दिवस, तासाच्या हिशोबानं

दुपारी तीनला मोठी फेरी, तासभर, हुंगत हुंगत. दमलेलं आणि पोट साफ झालेलं कुत्रं रात्री बरं राहतं. पाच-साडेपाचला पोटभर जेवण, भात आणि चिकन, कारण अंधार पडल्यावर ती तोंड लावत नाही. सहाला पंखा, रेडिओ, पडदे, वाकळ. आठ ते दहा मी घरातच. लक्ष्मीपूजन आम्ही आता सातच्या आत उरकतो.

रात्री शी-शूला न्यायचं तर अंगणातच, आणि दोन बांधण्या लावून. छातीला हार्नेस, गळ्याला पट्टा, साखळी दोन्हींत अडकवलेली. पट्ट्यातून मान सोडवून पळणं घाबरलेल्या कुत्र्याला फार सोपं असतं, खारीच्या गळ्यातूनही पट्टा निघालाच होता. पट्ट्यावर मोबाइल नंबर पक्का लिहिलेला हवा. मी कापडी पट्टीवर मशीननं नंबर भरतकाम करून शिवलाय, शाई पुसते, दोरा पुसत नाही. जमलं तर डॉक्टरांकडून मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) बसवून घ्या.

बाहेरगावचे लोक एक गोष्ट विसरतात: आपल्याकडं पहाट धोक्याची असते. पहिल्या आंघोळीला चारपासून फटाके लागतात, घरातली सगळी जणं जागी, दार उघडं, कुणाचं लक्ष नाही. आमच्याकडं आता त्या पहाटे एक माणूस फक्त खारीपाशी. उटणं लावून घ्यायची त्याची पाळी शेवटची. कारेट फोडायच्या आधी मधलं दार लावून कडी घालायची आणि मोठ्यानं सांगायचं, "दार उघडतेय." हा नियम सासूबाईंनी घातला.

फराळाचं ताट खाली ठेवू नका. चिवड्यातले आणि लाडवावरचे बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा नको. बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल असेल तर ते फार थोडंही जिवावर बेततं. सकाळी गल्लीत पडलेला फटाक्यांचा कचरा हुंगू-चाटू देऊ नका.

डॉक्टरांकडं कधी जायचं

खाणं पूर्ण बंद होतं, अंगावर जखमा करून घेते, खिडकीतून उडी मारायला बघते, किंवा फटाके थांबल्यावरही दुसऱ्या दिवसापर्यंत सावरत नाही, अशी कुत्री नुसत्या कलेजीनं बरी होणार नाहीत. त्यांना औषध देणं हा कमीपणा नाही. ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम अशी भीती कमी करणारी औषधं डॉक्टर वजन, वय, हृदय-यकृत बघून देतात. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका. नवरात्राच्या आसपास जा, म्हणजे एखाद्या शांत दिवशी डोस देऊन बघता येतो. काही कुत्री एखाद्या औषधानं उलट अस्वस्थ होतात, ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळून उपयोग नाही. आणि गोळी आवाज सुरू व्हायच्या आधी पोटात गेलेली हवी, किती आधी ते डॉक्टर सांगतील. भीती चढल्यावर दिलेली गोळी फार कमी काम करते.

वयानं मोठं कुत्रं अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर आधी सांधे तपासा. आमच्या शेजारचा लॅब्रॉडॉर आठ वर्षं फटाक्यांत घोरत पडायचा, नवव्या वर्षी कुकरच्या शिट्टीला थरथरायला लागला. तपासल्यावर खुब्याचं दुखणं निघालं. दचकलं की अंग आवळतं, आवळलं की दुखरा सांधा कळ मारतो, आणि कुत्रं ती कळ आवाजाच्या नावावर लावतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली हेच दाखवलं होतं. दुखण्यावर औषध सुरू झाल्यावर त्या लॅब्रॉडॉरची शिट्टीची भीती महिन्याभरात बरीच उतरली.

घरात पिल्लू असेल तर तुमचं काम फार हलकं आहे. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ सोन्याचा. खेळता-खाताना ताटल्या, मिक्सर, लांबचे ढोल कानावर पडू द्या, प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं घडू द्या.

गल्ली

रात्री दहा ते सकाळी सहा फटाक्यांना बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली होती. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका बेकायदा आहे. मध्यरात्री कुणी ऐकतच नसेल तर ११२ ला फोन करता येतो. पण मला जास्त उपयोग झाला तो पोरांशी बोलण्याचा. तीच चार पोरं, जी मोरी शोधायला माझ्याबरोबर हिंडली होती. त्यांना मी दसऱ्याला घरी बोलावते, खारीच्या डब्यातली कलेजी त्यांच्या हातानं तिला द्यायला लावते आणि विचारते, "माळ कधी लावणार?" ती वेळ सांगतात. आता मोठे फटाके गल्लीच्या टोकाला मोकळ्या जागेत, साडेआठच्या सुमारास लागतात. वेळ माहीत असली की मी सव्वाआठला मशीनवर बसते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना ना वाकळ असते ना पंखा. त्या चार रात्री जिन्याखालची जागा, पार्किंग उघडं ठेवा, पाण्याची वाटी भरून ठेवा, कुणी हाकललं तर मध्ये पडा. घाबरलेल्या अनोळखी कुत्र्याला हात लावायला जाऊ नका, ते चावू शकतं. आपल्या दाराशी आलं तर बसू द्या, एवढंच.

नंतरचे दिवस

भाऊबीज झाली की लोक वाकळ उचलून धुवायला टाकतात. थांबा. एका वाईट रात्रीनंतर कुत्रं दोन-तीन दिवस हलकं झोपतं, लहानशा आवाजाला उठतं. त्या दिवसांत लांबच्या फेऱ्या, गर्दीचा रस्ता, आंघोळ, पाहुणे यातलं काही नको. शिवाय कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात, आणि प्रत्येक अंगणात मंगलाष्टकं संपली की एक माळ लागते, तीही वेळ सांगून नाही. त्यामागून वरातींचा हंगाम. वाकळ मशीनखाली पौर्णिमेपर्यंत राहू द्या, खिशात तुकडे राहू द्या.

२०२५ च्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे कोपऱ्यावर बॉम्ब लागला, तेव्हा खारी माजघरात होती, मिस्टर तिच्यापाशी. मी अंगणातून आत आले तर ती मशीनखाली थरथरत होती, कान मागं गेलेले. पण तिनं मान वळवून माझ्या हाताकडं बघितलं. मी मशीनचा खण उघडला.